संधिप्रकाश, तिन्हीसांजा की कातरवेळ : कोणता शब्द कोठे वापरावा

'संधिप्रकाश' हा शब्द लिहिण्यापूर्वी आपल्याला उजेडाविषयी बोलायचे आहे की वेळेविषयी, हे आधी ठरवावे. सूर्य क्षितिजाखाली गेला तरी त्याचे किरण वरच्या वातावरणावर पडत राहतात आणि तेथून विखुरलेला उजेड जमिनीवर येतो. तो संधिप्रकाश होय. सूर्योदयापूर्वीही तो असतो, म्हणून 'पहाटेचा संधिप्रकाश' हा प्रयोग निर्दोष आहे.

अनुभव घ्यायचा असेल तर दादर चौपाटीवर सूर्यबिंब बुडताच घड्याळ पाहावे. हातातल्या भेळेच्या पुड्यावरची छापील अक्षरे प्रथम स्वच्छ दिसतात, मग हळूहळू पुसट होत जातात. सूर्य ६ अंश खाली उतरेपर्यंतचा हा नागरी संधिप्रकाश मुंबईत साधारण २२ ते २५ मिनिटे टिकतो. पुढे १२ अंशांपर्यंतचा नाविक आणि १८ अंशांपर्यंतचा खगोलीय. लंडनमध्ये जून महिन्यात नागरी संधिप्रकाशच पाऊण तासाहून अधिक रेंगाळतो, त्यामुळे तिकडच्या कथेचे रूपांतर करताना तिथली लांबलचक सांज गिरगावात आणून ठेवू नये.

वेळ सांगायची असेल तर घरगुती शब्द अधिक नेमके ठरतात. 'तिन्हीसांजा' कर्ता म्हणून अनेकवचनी चालतो, म्हणून 'तिन्हीसांजा झाल्या' असे लिहावे. मात्र 'ऐन तिन्हीसांजेला केर काढू नकोस' असे आजी बजावते, तेव्हा तेथे एकवचनच शोभते. 'दिवेलागण' हा शब्द विजेच्या दिव्यांनाही चालतो. गायींच्या खुरांनी उडणाऱ्या धुळीवरून आलेला 'गोरज' मुंबईत प्रामुख्याने लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तापुरता उरला आहे. 'झुंजूमुंजू' मात्र केवळ पहाटेचे. संध्याकाळसाठी तो शब्द वापरलेला पाहिला की मला वाचवत नाही.

'कातरवेळ' या शब्दात वेळेपेक्षा मनाची हुरहूर अधिक आहे. 'कातरवेळी चर्चगेटहून लोकल पकडली' हे वाक्य व्याकरणशुद्ध असले तरी पोकळ वाटते. त्याच लोकलच्या खिडकीतून कोणाची तरी आठवण दाटून येत असेल, तर तोच शब्द चपखल बसतो. उतारवयासाठी 'आयुष्याची संध्याकाळ' रूढ आहे, तेथे संधिप्रकाश ओढून आणण्याची गरज नाही.

लेखनात एक चूक वारंवार आढळते. 'संधी' हा शब्द एकटा असताना दीर्घ, परंतु समासाच्या आरंभी ऱ्हस्व लिहितात : संधिप्रकाश, संधिकाल आणि, गुडघे दुखत असले तरी, संधिवातसुद्धा.