नाकाला गोड, जिभेला कोरडी: सुगंधी ड्राय व्हाइट वाइन ओळखावी, निवडावी आणि प्यावी कशी

मस्कॅट या द्राक्षाच्या वाइनचा ग्लास नाकाजवळ नेला की गुलाब, संत्र्याची फुलं आणि ताज्या द्राक्षांचा वास येतो. घोट घ्यायच्या आधीच मन ठरवून टाकतं की ही गोड असणार. मग वाइनमध्ये साखर नावाला नसली तरी पिणारा ‘गोड आहे’ म्हणून ग्लास बाजूला ठेवतो. सुगंधी ड्राय वाइनबद्दलचे बहुतेक गैरसमज इथेच सुरू होतात. ड्राय म्हणजे किण्वनात यीस्टने जवळजवळ सगळी साखर संपवलेली वाइन. द्राक्षाचा सुवास मात्र यीस्ट संपवत नाही, उलट पुष्कळदा तोच मोकळा करतं.

नाक दाबून पहिली परीक्षा

नाक चिमटीत धरा, लहानसा घोट घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा आणि पाच सेकंद थांबा. या वेळी सुगंध कळत नाही. आंबट, गोड, कडू एवढंच उरतं. आता नाक सोडा. घशामागून वास वर चढतो आणि वाइन एकाएकी ‘गोड’ होते. नाक दाबलेलं असताना गोडवा लागला नसेल, तर तो वासाचाच खेळ होता.

जिभेला माप लावायचं असेल तर दोन बाटल्यांत एकेक लिटर पाणी घ्या. पहिलीत सपाट 1 चमचा साखर (साधारण 4 ग्रॅम), दुसरीत 3 चमचे. पहिलीतली साखर पुष्कळांना कळतही नाही. युरोपीय संघाच्या नियमात ड्राय वाइनची मूळ मर्यादा हीच आहे: लिटरला 4 ग्रॅम. दुसरी बाटली उघड गोडसर लागते. तिच्यात आता 100 मिली लिंबाचा रस घाला आणि पुन्हा चाखा. साखर तेवढीच आहे, पण ती आंबटपणाखाली दबली. म्हणूनच त्या नियमात एक सवलतही आहे. साखर आम्लापेक्षा 2 ग्रॅमहून जास्त नसेल, तर लिटरला 9 ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाइनही ड्राय ठरते. त्यामुळे 8 ग्रॅमची आंबट रिझलिंग खडखडीत कोरडी लागू शकते आणि 5 ग्रॅमची व्हियोनिए गुळगुळीत, गोडसर. व्हियोनिएत आम्ल कमी आणि अल्कोहोल 13.5 ते 14.5 टक्के असतं, आणि अल्कोहोललाही स्वतःचा थोडा गोडवा असतो.

वासाची घराणी

पहिलं घराणं टर्पीन नावाची सुवासिक संयुगं असलेल्या द्राक्षांचं: मस्कॅट, गेवुर्त्सट्रामिनर, तोरोन्तेस, रिझलिंग. यांचा सुगंध द्राक्षाच्या सालीतच असतो. लिनालूल हे त्यातलं मुख्य नाव. धणे कुटताना येणारा वास बराचसा याच लिनालूलचा, त्यामुळे मस्कॅट समोर असताना मूठभर धणे कुटून शेजारी ठेवून पाहा. गेवुर्त्सट्रामिनरमधला लिचीचा वास ही नुसती उपमा नव्हे: रोझ ऑक्साइड हे एकच संयुग लिचीतही असतं आणि या वाइनमध्येही. रिझलिंगमध्ये टर्पीन कमी, म्हणून तिचा वास लिंबू, हिरवं सफरचंद, पांढरी फुलं असा संयत. वय वाढलं की तिला पेट्रोलसारखा वास चढतो. तो टीडीएन नावाच्या संयुगाचा, आणि उन्हात पिकलेल्या द्राक्षांत जास्त. काहींना तो अजिबात चालत नाही, पण मुरलेल्या रिझलिंगमध्ये तो दोष मानू नये.

दुसरं घराणं सोव्हिन्यों ब्लाँचं. तिचा पॅशनफ्रूट आणि चकोतऱ्याचा वास थायोल या गंधकयुक्त संयुगांचा. ती किण्वनात यीस्टमुळे मोकळी होतात. हिरव्या ढोबळी मिरचीचा, कापलेल्या गवताचा वास पायराझीनचा. द्राक्षं कमी पिकलेली किंवा हवा थंड असली की तो वाढतो. स्पेनमधल्या रुएदाची वेर्देहो वासाने हिच्या जवळची.

उरलेल्या एकेकट्या. व्हियोनिए जर्दाळू आणि मधमाळतीच्या वळणाची, अल्बारिन्यो पीच आणि समुद्री खारटपणाची. ऑस्ट्रियाची ग्र्यूनर वेल्टलिनर पांढऱ्या मिरीच्या वासासाठी ओळखली जाते. तो रोटंडोन या संयुगाचा, आणि साधारण पाचातल्या एका माणसाला तो येतच नाही. तेव्हा मिरी सापडली नाही तर नाकाला दोष देऊ नका.

लेबल कसं वाचावं

जर्मन आणि ऑस्ट्रियन बाटलीवर ‘ट्रॉकन’, फ्रेंचवर ‘सेक’, इटालियनवर ‘सेक्को’, स्पॅनिश आणि पोर्तुगीजवर ‘सेको’ शोधा. ‘हाल्बट्रॉकन’ म्हणजे अर्धी कोरडी. ‘फाइनहेर्ब’ला कायद्यात व्याख्याच नाही, सहसा ती थोडी गोडसर निघते. जर्मनीची ‘ग्रोसेस गेवेक्स’ लिहिलेली बाटली ड्रायच असते, पण ‘श्पेटलेझे’ या एका शब्दावर जाऊ नका. तो द्राक्षांच्या पिकलेपणाबद्दल सांगतो, वाइनमध्ये किती साखर उरली ते सांगत नाही. फ्रान्समधल्या आल्सासमध्ये 2021 च्या हंगामापासून गोडव्याची पातळी लेबलवर देणं बंधनकारक झालं. त्याआधीच्या तिथल्या बाटल्या घेताना, विशेषतः गेवुर्त्सट्रामिनर, विचारून घ्या.

फसवा शब्द म्हणजे फेसाळ वाइनवरचा ‘एक्स्ट्रा ड्राय’. तिथे त्याचा अर्थ लिटरला 12 ते 17 ग्रॅम साखर. फेसाळ आणि खरोखर कोरडी हवी असेल तर ‘ब्रूट’ किंवा ‘एक्स्ट्रा ब्रूट’ घ्या.

शब्द नसेल तर अल्कोहोलचा आकडा पाहा. दर 17 ग्रॅम साखरेमागे साधारण 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. रिझलिंगवर 8 किंवा 9 टक्के लिहिलेलं असेल तर बरीच साखर आंबायची राहिली आहे. 12 किंवा त्यावर असेल तर बहुधा ड्राय. मोस्कातो द’आस्ती 5 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गोडच. गेवुर्त्सट्रामिनरला हा हिशेब लागू पडत नाही. तिची द्राक्षं इतकी गोड पिकतात की 14 टक्के होऊनही साखर शिल्लक राहू शकते.

कुठल्या बाटलीपासून सुरुवात करावी

सुगंध भरपूर आणि साखर नाही, हा विरोध सगळ्यात लख्ख दिसतो तो दक्षिण स्टायरियाच्या गेल्बर मुस्काटेलरमध्ये. हलकी, आंबट, फुलांनी भरलेली ही ऑस्ट्रियन मस्कॅट पहिल्या धड्यासाठी उत्तम. ती नाही मिळाली तर आल्सासची मस्कॅट, किंवा दक्षिण फ्रान्सची ‘म्युस्का सेक’ लिहिलेली. तिथलीच ‘म्युस्का द रिव्हसाल्त’ मात्र गोड आणि वरून मद्यार्क घातलेली असते. अर्जेंटिनात साल्ता प्रांतातल्या काफायातेची तोरोन्तेस हाच धडा जरा मोठ्या आवाजात देते. हे द्राक्ष मस्कॅट ऑफ अलेक्झांड्रियाचंच अपत्य. ग्रीसमधल्या मान्तिनियाची मोस्कोफिलेरो गुलाबी सालीची, पण वाइन पांढरी, नाजूक, गुलाबाच्या पाण्याची आठवण देणारी. ती मिळाली तर सोडू नये.

रिझलिंगसाठी ऑस्ट्रेलियाची क्लेअर व्हॅली आणि ईडन व्हॅली, किंवा जर्मनीतलं फाल्त्स आणि ऑस्ट्रियातलं वाखाऊ. वाखाऊत ‘फेडरश्पील’ मध्यम अंगाची, ‘स्मारागड’ किमान 12.5 टक्क्यांची आणि भारदस्त, दोन्ही ड्राय. गेवुर्त्सट्रामिनरसाठी इटलीतला आल्तो आदिजे पाहा. ट्रामिनर हे नावच तिथल्या ट्रामिन गावावरून आलेलं, आणि तिथल्या बाटल्या आल्सासपेक्षा सहसा कोरड्या निघतात.

दुकानात बाटली उचलताना

आधी वर्ष पाहा. मस्कॅट, तोरोन्तेस, सोव्हिन्यों ब्लाँ शक्यतो दोन वर्षांच्या आत प्यावी. बाटलीत लिनालूलचं हळूहळू कमी सुवासिक संयुगांत रूपांतर होतं आणि थायोल हवेने विरतात. मग उरते नुसती आंबट, मुकी वाइन. व्हियोनिए तीन-चार वर्षं टिकते, गेवुर्त्सट्रामिनर त्याहून थोडी जास्त. चांगली ड्राय रिझलिंग दहा वर्षं सहज जाते. दक्षिण गोलार्धातली काढणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, म्हणून तिथली वाइन त्याच वर्षाच्या युरोपीय वाइनपेक्षा सहा महिने मोठी असते.

पारदर्शक काचेची बाटली आणि वर प्रखर दिवे दिसले तर मागच्या रांगेतली, अंधारातली बाटली घ्या. निळसर प्रकाशाने वाइनमधल्या रायबोफ्लेविनची प्रक्रिया सुरू होते आणि उकडलेल्या कोबीसारखा वास येतो, तोही काही तासांत किंवा दिवसांत. फिरकीच्या झाकणाला नाकं मुरडू नका. क्लेअर व्हॅलीतल्या उत्पादकांच्या एका गटाने 2000 च्या हंगामातली रिझलिंग ठरवून अशाच झाकणाखाली आणली, कारण बुचातला टीसीए हा दोष सुगंधी वाइनला सगळ्यात आधी मारतो. आणि लेबलवर ओकच्या पिंपाचं कौतुक असेल तर ती बाटली या कामाची नाही. व्हॅनिलाखाली फुलं गुदमरतात.

थंड, पण गारठलेली नको

फ्रिजमधून काढलेली बाटली 4–5 अंशांवर असते. इतक्या थंडीत वास उडत नाही आणि कडसरपणा पुढे येतो. सोव्हिन्यों, मस्कॅट, रिझलिंगला 8 ते 10 अंश आणि व्हियोनिए, गेवुर्त्सट्रामिनरला 10 ते 12 अंश योग्य. फ्रिजमधून काढून 15–20 मिनिटं बाहेर ठेवली की काम होतं. उलट बाहेरची बाटली पटकन थंड करायची तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ घालून 15 मिनिटं ठेवा. नुसत्या बर्फात जास्त वेळ लागतो, कारण खड्यांमधली हवा थंडी पोचू देत नाही. ग्लासात बर्फ टाकू नका, आणि ग्लास वेगळा थंडही करू नका. त्यावर दव धरतं आणि फ्रिजचे वास चिकटतात.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा, आणि तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरू नये. आधी न हलवता हुंगा: सगळ्यात हलके वास तेव्हाच कळतात. मग दोन-तीनदा फिरवून पुन्हा. हे फिरवणं म्हणजे नाकाने कांदे सोलणं नव्हे. काचेवर पसरलेल्या पातळ थरातून वास भराभर सुटतो. सलग हुंगलं की नाक त्या वासाला सरावतं आणि वाइन ‘संपल्या’सारखी वाटते. मिनिटभर थांबा, स्वतःच्या कोपराच्या आतली त्वचा हुंगा, मग परत या. एकाहून जास्त बाटल्या असतील तर गेवुर्त्सट्रामिनर शेवटी. तिच्यानंतर रिझलिंग पाण्यासारखी लागते.

काही बिघडलं तर

काड्यापेटी किंवा अंड्याचा वास आला तर वाइन एका ग्लासातून दुसऱ्यात चार-पाचदा ओता. बहुतेक वेळा तो उडून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे टीसीए, त्याला इलाज नाही. तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी. शेवटी जिभेवर हलका कडवटपणा राहिला तर तो मस्कॅट आणि गेवुर्त्सट्रामिनरच्या सालीचा स्वभाव. त्यांच्याबरोबर थोडं खारट काही खाल्लं की तो मऊ होतो. तिखट जेवणाबरोबर 12.5 टक्क्यांच्या आतली वाइन घ्या, कारण अल्कोहोलने मिरचीचा जाळ वाढतो.

बाटली एका बैठकीत संपणार नसेल तर उघडल्या उघडल्याच अर्धी वाइन 375 मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून झाकण लावा. आतमध्ये हवा उरत नाही, त्यामुळे फ्रिजमध्ये ती आठवडाभर बऱ्यापैकी राहते. अर्धी रिकामी मोठी बाटली तशीच ठेवली तर सोव्हिन्यों दुसऱ्याच दिवशी फिकी पडते. ठेवायचीच असेल तर उभी ठेवा; आडवी केली की हवेला लागणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो.