पहिला पॉवर सप्लाय बनवण्याआधी

पॉवर सप्लाय, म्हणजे घरातल्या विजेपासून सर्किटला लागणारे डीसी व्होल्ट देणारा भाग, शिकायचाय म्हणून मोबाईलचा चार्जर उघडून बसू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकू शकतात. सुरुवात ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि 7805 (व्होल्टेज 5 वर स्थिर ठेवणारी रेग्युलेटर आयसी) वापरून 5 व्होल्ट, अर्ध्या अँपिअरच्या सप्लायने करा.

खरेदीच्या आधी वही हवी. यात कंटाळा करू नका, खरं डिझाइन इथेच होतं. 9 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर धरला तर पीक, म्हणजे लाटेचं टोक, 12.7 व्होल्ट. ब्रिजमधले एका वेळी चालणारे दोन डायोड 1.4 खातात, उरले 11.3. ब्रिजनंतर कपॅसिटर सेकंदाला 100 वेळा भरतो. 2200 मायक्रोफॅरडवर अर्ध्या अँपिअरला रिपल, म्हणजे दोन भरण्यांमधली व्होल्टेजची घसरण, येतो साधारण 2.3 व्होल्ट. म्हणजे तळ 9 व्होल्टला. 7805 ला इनपुटला किमान 7 लागतात. आता हाच हिशेब मेन्स, म्हणजे घरातली वीज, 230 वरून 200 व्होल्टवर उतरलेत असं धरून करा: तळ 7.4 वर येतो, जेमतेम पुरतो. तुमच्याकडे व्होल्टेज त्याहून पडत असेल तर 12 चा ट्रान्सफॉर्मर घ्या, पण मग उष्णताही वाढेल. 9 व्होल्टलाच 7805 अडीच वॅट तापतो, तेव्हा हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) हवाच.

मग मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठ, हे इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार गाठा. ट्रान्सफॉर्मर 1 अँपिअरचा घ्या, कारण कपॅसिटर करंट झटक्याझटक्याने ओढतो. ब्रिजसाठी 1N4007 डायोड चार, 2200 चा कपॅसिटर 25 व्होल्टचा, 7805 च्या पायांशी लावायला 0.33 (इनपुटला) आणि 0.1 (आउटपुटला) मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. लोडसाठी, म्हणजे चाचणीत करंट ओढायला, 10 ओहम, 5 वॅटचा सिमेंट रेझिस्टर. प्रायमरीला (ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या बाजूला) फ्यूज आणि उघड्या जोडांवर स्लीव्ह, यात काटकसर नको.

घरी फिलॅमेंटचा 40 वॅटचा बल्ब शोधून ठेवा; एलईडी चालणार नाही. पहिल्यांदा सप्लाय या बल्बच्या सिरीजमध्येच, म्हणजे मेन्सची एक वायर बल्बमधून नेऊन, चालू करा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल, तुमचे पार्ट वाचतील. त्याआधी कपॅसिटरची पट्टी निगेटिव्हकडे आहे ना आणि मल्टिमीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहिली नाही ना, हे बघा.

लोड लावून व्होल्टेज मोजा, वहीतल्या आकड्यांशेजारी लिहा. फरक का आला हे सांगता आलं की LM2596 या आयसीची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडा आणि बक कन्व्हर्टरकडे, म्हणजे वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटकडे, वळा.