उन्हाळी साठवणीला हात घालण्यापूर्वी: बोट्युलिझम टाळण्याची तयारी

मे महिन्यात मुंबईच्या घरांत लोणच्याच्या बरण्या उन्हात वाळू लागतात. त्याच सुमारास यंदा काय काय भरायचे याची यादी करावी आणि प्रत्येक पदार्थापुढे तो आंबट आहे की नाही, हे लिहावे. कैरी आणि लिंबू यांची चिंता नाही, कारण बोट्युलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा ज्याच्या विषाने होते तो क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू ४.६ पेक्षा कमी सामू (pH, म्हणजे आंबटपणाचे माप; जितका कमी तितका पदार्थ आंबट) असलेल्या आंबटपणात वाढत नाही. मातीतून येणारे त्याचे बीजाणू (जिवाणूचे चिवट, सुप्त रूप) मात्र लसणावर, मिरचीवर, आल्यावर सहज असू शकतात, आणि त्यांना रुजायला हवी असते ती नेमकी हवाबंद, ऊबदार, बिनआंबट जागा.

म्हणून यादीतल्या लसूण-तेलाच्या बाटलीकडे सर्वांत आधी पाहावे. तेलाने पदार्थ टिकतो ही समजूत येथे घातक ठरते, कारण तेल हवा अडवते, आंबटपणा देत नाही. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये तेलात ठेवलेल्या लसणातूनच विषबाधेची मोठी साथ झाली होती. असे तेल करायचेच असेल तर थोडे करावे, लगेच फ्रीजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे. कोलंबीच्या लोणच्यासाठी व्हिनेगर आधीच आणून ठेवावे, ते हात आखडून घालू नये आणि बरणी फ्रीजबाहेर ठेवू नये. विक्रीसाठी लोणची करणाऱ्या भगिनींनी सामू मोजण्याचे साधनही आणावे. केवळ जिभेच्या अंदाजावर दुसऱ्याचे घर सोपवणे मला योग्य वाटत नाही.

बरण्या उकळून घ्याव्यात, परंतु उकळल्याने काम झाले असे समजू नये. बीजाणू १०० अंश सेल्सिअसला तग धरतात. त्यांचा नाश करण्यासाठी कारखान्यात दाबाखाली १२१ अंशांपर्यंत तापवतात. घरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून भाज्या किंवा मासे बाटलीबंद करण्याचा बेत यादीतून काढूनच टाकावा. तयार झालेले विष मात्र उष्णतेने नष्ट होते, त्यामुळे घरी डबाबंद केलेला बिनआंबट पदार्थ कोणी भेट दिला, तर तो खाण्यापूर्वी दहा मिनिटे खळखळून उकळावा. फुगलेला किंवा गळका डबा चाखूनही पाहू नये, तसाच टाकावा.

घरात वर्षाच्या आतले बाळ असेल तर मधाची बाटली त्याच्या गुटीच्या साहित्यातून वेगळी काढावी. मधातले बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून तेथेच विष तयार करतात, म्हणून ‘मध चाटवणे’ ही प्रथा प्रेमाची असली तरी थांबवली पाहिजे.

शेवटी बोट्युलिझमच्या लक्षणांचा एक कागद फ्रीजवर लावावा. पापण्या जड होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, तोंड कोरडे पडणे, बोलणे जड होणे, घास गिळता न येणे आणि मग वरून खाली उतरत जाणारा अशक्तपणा, ही लक्षणे बहुधा १२ ते ३६ तासांत दिसतात. ताप नसतो आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो, त्यामुळे थकवा समजून वेळ घालवला जातो. प्रतिविषाने पुढचे नुकसान थांबते, झालेला लकवा त्याने लगेच परतत नाही, तेव्हा १०८ ला तत्काळ फोन करावा आणि उरलेला पदार्थ बरणीसकट पिशवीत बांधून डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावा.