कामाचे तास कमी करताय? मग या चुका टाळा

"तास कमी केले की प्रॉडक्शन पडतं" असं ठामपणे सांगणारे खूप भेटतात, खोदून विचारलं की कळतं तास तेवढे कमी केले, बाकी कारखाना होता तसाच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चार्ज द्यायला-घ्यायला वेळच न ठेवणं. बारा तासांच्या दोन पाळ्यांऐवजी आठच्या तीन केल्या की दिवसातले पाळीबदल दोनाचे तीन होतात, हे साधं गणित कोणी करत नाही. एका रोलिंग मिलमध्ये (तापलेलं पोलाद रोलरमधून दाबून लांबवतात तिथे) फिटरने गळतीमुळे बेअरिंगच्या कूलिंगचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला होता, तेवढ्यात भोंगा झाला, नव्या वेळापत्रकात दोन पाळ्या एकत्र असण्याचं एक मिनिटही नव्हतं, तो गेला, लॉगबुकात ओळ नाही. पुढच्या पाळीने मिल फुल स्पीडला घेतली, बेअरिंग तापून जॅम, बिलेट, म्हणजे पोलादाचा तापलेला दांडा, आत अडकलं आणि अख्खी पाळी ते कापून काढण्यात गेली. मीटिंगमध्ये निष्कर्ष काय निघाला, तर आठ तास परवडत नाहीत. याचा मला अजून राग येतो. मी चार्ज मशीनपाशीच द्यायला लावतो, दोन्ही फोरमन एकत्र फेरी मारणार, काय बंद, काय तात्पुरतं ते लिहून सही करणार. पंधरा मिनिटं जातात, जाऊ देत.

दुसरं, भट्टी आणि मशीन शॉपला एकच हिशोब लावू नका. माणूस आठ तास थांबो की बारा, हीट, म्हणजे भट्टीतला वितळलेल्या धातूचा एक घाणा, तिच्या वेळेनेच तयार होते, खनिजापासून लोखंड काढणारी ब्लास्ट फर्नेस तर रात्रंदिवस चालू, त्यामुळे तिथे तास कमी म्हणजे माणसं जास्त, तो खर्च आधीच धरा. खरा फायदा हात आणि नजर लागते तिथे दिसतो. इंग्लंडमध्ये सॅलफर्ड आयर्न वर्क्समध्ये कारखानदार विल्यम मॅदर यांनी 1893 मध्ये आठवड्याचे 53 तास 48 वर आणले, उत्पादन टिकलं आणि उशिरा येणं, दांड्या कमी झाल्या.

कमी केलेले तास ओव्हरटाइमने परत भरू नका. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कामगारांच्या नोंदींत आठवड्याला साधारण पन्नास तासांपुढे प्रत्येक जादा तासाचं उत्पादन घटत गेलेलं दिसतं.

मेंटेनन्सची वेळ कापू नका, कधीच.

आणि दोन आठवड्यांत निकाल मागणाऱ्यांनी हे सुरूच करू नये. मॅदर यांनी वर्षभर ट्रायल घेतली होती. नुसते टन मोजू नका, रिजेक्शन आणि रीवर्क वजा करून माणूस-तासामागे चांगला माल किती निघाला ते बघा, आणि तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, तशाच ऑर्डरवर करा.