पेनीक्रेसचं पीक घेताना या चुका टाळा

रानात आपोआप येतं म्हणजे शेतातही आपोआप येईल, बहुतेक गडबड इथूनच सुरू होते. पेनीक्रेस हे मोहरीच्या कुळातलं तण, कडाक्याच्या थंडीत बर्फाखाली पण टिकतं. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये मका निघाल्यावर सोयाबीन पेरेपर्यंत जमीन नुसती पडून असते, तेवढ्यात हे घ्यायचं, तेल इंधनाला आणि पेंड जनावरांना, असा प्लॅन. प्लॅन भारी आहे, पण बायोडिझेलसाठी लावलेल्या जट्रोफाचं काय झालं आठवतंय ना? जंगली झाड जसंच्या तसं हजारो एकरांवर लावलं, फळं एकदम पिकत नाहीत, पेंड विषारी, आणि मग सगळे गप्प.

खोल पेरू नका. एक बी साधारण 1 मिलिग्रॅमचं, त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून फोकून द्या आणि वरच्यावरच राहू द्या. उशीर पण नको, हिवाळ्याआधी रोप जमिनीलगत नीट पसरलेलं पाहिजे.

उगवण विरळ झाली की लोक बियाण्याला शिव्या घालतात, पण रानटी बी मुळातच झोपलेलं असतं, थोडं यंदा उगवतं आणि बाकीचं पुढच्या कुठल्यातरी पिकात तण म्हणून डोकं वर काढतं. यावर उपाय खताचा नाही, जातीचा आहे. बियांच्या सालीचा गडद रंग ठरवणारा टीटी8 जीन बंद केलेल्या सोनेरी बियांच्या जातींमध्ये ही झोप बरीच कमी असते, वर पेंडीत फायबर पण कमी. काळपट बी दिसलं तर आधी चौकशी करा.

कापणीला 'अजून थोडं वाळू दे' म्हणत बसलात तर शेंगा फुटून माल जमिनीवर.

आता खाण्याचा मुद्दा, इथे जास्त लोक फसतात. रानटी पेनीक्रेसच्या तेलात एक तृतीयांशाहून जास्त इरुसिक अ‍ॅसिड असतं, हे फॅटी आम्ल इंधनाला चालतं पण खायला नाही, कॅनोलात (खाण्याचं कमी-इरुसिक मोहरीवर्गीय तेल) ही मर्यादा 2 टक्के आहे. ते बनवणारा एफएई1 जीन बंद केला की ते जवळपास शून्यावर येतं. पेंडीतलं सिनिग्रिन, म्हणजे मोहरीला तिखटपणा देणारं द्रव्य, वेगळंच, त्याने पेंड झणझणीत होते आणि जास्त खाऊ घातली तर जनावरांच्या थायरॉइडवर परिणाम होतो, त्यामुळे तेल सुधारलं म्हणजे पेंडही सुधारली असं धरू नका, दोन्हीची टेस्ट वेगळी करा.

आणि सुधारित जात लावूनही रिपोर्टमध्ये इरुसिक जास्त आलं तर? शेजारच्या परागकणांना दोष देऊ नका, हे झाड बहुतांशी स्वपरागीच असतं. शेतात आधीपासून पडलेलं रानटी बी किंवा आतून साफ न केलेलं कम्बाइन (कापणी-मळणी यंत्र), आधी हे दोन तपासा.