प्रोसेसिंग-जेएस बंद झालं, रांगोळीचं स्केच पी-फाइव्हवर कसं आणलं
2008 ला जॉन रेसिग या प्रोग्रामरने प्रोसेसिंग-जेएस (कोड लिहून चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) आणलं तेव्हा जावा प्लगइनशिवाय थेट ब्राउझरच्या कॅनव्हासवर स्केच, म्हणजे चित्र काढणारा छोटा प्रोग्राम, चालतंय बघून जाम भारी वाटलेलं, पण 2018 मध्ये ते आर्काइव्ह झालं, म्हणजे त्यावरचं काम थांबलं, आता त्याच्या जागी पी-फाइव्ह ही तशीच लायब्ररी वापरायची. वाईट वाटलं खरं, पण निर्णय बरोबरच होता.

माझं रांगोळीचं स्केच पी-फाइव्हवर हलवताना कोडमधले जुने शब्द बदलले: व्हॉइडचं फंक्शन, इंट-फ्लोटचं लेट, साइझचं क्रिएटकॅनव्हास, पुशमॅट्रिक्सचं नुसतं पुश, एवढं पटकन झालं. अडलं ते माउसपाशी, बटण न दाबताच रेघा उमटत होत्या!! दोन संध्याकाळी गेल्या. मग कळलं, माउसप्रेस्ड नावाचं फंक्शन मीच लिहिलेलं आणि बटण दाबलंय का हे तपासणाऱ्या इफमध्येही तेच नाव, जावास्क्रिप्टमध्ये इफला फंक्शन दिलं की ते कायम ट्रूच (खरं) धरलं जातं. इफमध्ये माउसइजप्रेस्ड केलं, रांगोळी परत नीट.