रग्बीत चेंडूवाल्याची पाठ सोडायची नाही, हे मुलांना कसं शिकवावं

खानदेशात रग्बीला येणारी बरीच मुलं कबड्डी नाहीतर खो-खो खेळून आलेली असतात. पळायला चपळ, पकडीला न भिणारी. पण हातात चेंडू आला की चढाईला निघाल्यासारखी एकटीच सुटतात आणि बाकीचे उभे राहून बघतात. त्यांना सांगा, चढाई विसर, साखळी आठव. साखळीतला एक हलला की दुसरा हलतोच. एवढं त्यांना लगेच उमगतं, कारण ते त्यांनी केलेलं असतं.

फक्कीने पाच मीटर रुंद आणि तीस मीटर लांब पट्टा आखा. चार-चार मुलांचे गट करा. दहा ते चौदा वयाला चार नंबरचा चेंडू द्या. उन्हाळ्यात आपली काळी माती टणक होते, भेगा पडतात, त्यात पाय मुरगळतो. तेव्हा पाडापाडी पूर्ण बंद ठेवा. कमरेला दोन्ही हात लागले की टॅकल (चेंडूवाल्याला पकडून पाडणं) झाला असं धरा. आणि ऊन चढायच्या आत आटपा.

पहिली पायरी सोपी आहे. चेंडू दोन्ही हातांत धरायला लावा. काखेत मारलेला चेंडू बघून मागच्याला कळतं की हा काही पास देणार नाही, आणि तो पळायचं सोडून देतो.

खरी गोची दुसऱ्या पायरीवर आहे. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आहे. मैदानाच्या कडेला उभे राहून सर ओरडतात, "जवळ राहा, जवळ राहा!" हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. मूल ते ऐकतं, जीव तोडून पळतं आणि चेंडूवाल्याच्या बरोबरीला येतं, कधी पुढेही जातं. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. मग पुढे गेलेल्याला पास देता येत नाही. बरोबरीच्याला दिला तर तो त्याच्या पाठीमागे पडतो. त्याला थांबून, वळून चेंडू घ्यावा लागतो, तोवर समोरचा येऊन भिडतो. मूल जवळ होतं, मेहनतही केली, तरी उपयोग शून्य. वर बोलणी त्यालाच बसतात.

म्हणून जवळ म्हणजे कुठे, ते दाखवा. दोन-तीन पावलं मागे आणि एक-दोन पावलं बाजूला. मुलं पळताना पावलं मोजत नाहीत, त्यामुळे मी खूण देतो ती नजरेची: "त्याची पाठ दिसते ना? बरोबर. गाल दिसायला लागला? पुढे आलास, पाय आवर." पाठ दिसणारा मुलगा शेवटच्या क्षणी वेग वाढवून चेंडूवर येतो. तो भर वेगात चेंडू घेतो, आणि अशा पोराला अडवणं अवघड असतं. आधी हे चालत करून घ्या, मग हलक्या पळीत, मग पूर्ण वेगात. चालताना चुकणारा गट पळवू नका, कितीही आग्रह झाला तरी.

मागच्याने आवाज दिलाच पाहिजे. "दे, दे" चालणार नाही, कारण चेंडूवाल्याच्या पाठीला डोळे नसतात, आणि कुठे द्यायचा हे त्यातून कळत नाही. "डावा!" किंवा "उजवा!" एवढंच. अहिराणी बोलणारी पोरं "आठे!" (इथे) म्हणून ओरडतात. तेही चालेल, पण बाजू सांगितलीच पाहिजे.

यात चेंडूवाल्याचीही जबाबदारी आहे. "मोकळी जागा दिसली की पळ" एवढंच शिकवलेली मुलं वळसा घेत कडेच्या रेषेकडे जातात, आपल्या माणसांपासून दूर, आणि तिथे एकटी सापडतात. एक माणूस चुकवला की पुन्हा सरळ पळायचं. अरुंद पट्टा त्यासाठीच आहे, तो रुंद करायची घाई करू नका.

पास दिला की काम संपलं असं मुलांना वाटतं. पास देणाऱ्याने लगेच घेणाऱ्याच्या मागे जायचं. उभा राहिला तर पुढचा पास बाद.

टॅकल झालेल्याला चेंडू लगेच सोडावा लागतो, म्हणून पहिला साथीदार मागूनच, पायांवर उभा राहून, त्या चेंडूवर आला पाहिजे.

शेवटी सात-सात जणांचा सामना लावा, सात-सात मिनिटांचे दोन डाव. एक नियम जास्तीचा ठेवा: ट्राय (समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं) झाला तेव्हा निदान दोन साथीदार पाच मीटरच्या आत नसतील तर गुण नाहीत. पहिल्या डावात एकट्याने पळून केलेले बरेच ट्राय रद्द होतील आणि पोरं चिडतील. तरी नियम सैल करू नका. दुसऱ्या डावात चेंडूवालाच मागे वळून हाका मारायला लागतो.